पीएच.डी.ची पूर्वतयारी आणि मार्गदर्शकाची निवड



गावातील एखादा मुलगा किंवा मुलगी पदव्युत्तर परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली की घरात, शाळेत आणि चावडीवर एकच प्रश्न विचारला जातो : आता पुढे काय ? या प्रश्नाला पूर्वी नोकरी किंवा स्पर्धा परीक्षा अशी दोनच उत्तरे असत. आता "पीएच.डी. करणार" हे तिसरे उत्तरही खेडोपाडी ऐकू येते. ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र ज्या घरातून या पदवीपर्यंत यापूर्वी कोणी पोहोचलेले नाही, त्या घरातील विद्यार्थी प्रवेश कसा मिळतो आणि अधिछात्रवृत्ती किती मिळते याची चौकशी करतो. आपण कोणाच्या हाताखाली काम करणार, याची चौकशी तो बहुधा करीत नाही. वास्तविक या पदवीचे यशापयश ज्या एका गोष्टीवर सर्वांत अधिक अवलंबून असते, ती हीच होय.

याचे कारण सोपे आहे. बी.ए. किंवा एम.ए.च्या वर्गाला पाच-सहा प्राध्यापक शिकवितात. एकाचे शिकविणे समजले नाही तर दुसऱ्याचे समजते, तेही नाही जमले तर पुस्तक असते, आणि वर्षअखेर परीक्षा सर्वांची एकच असते. पीएच.डी.मध्ये वर्ग नसतो. विषय एकट्याचा असतो, प्रश्न एकट्याचा असतो आणि त्या प्रश्नाच्या वाटेवर सोबत करणारी व्यक्तीही बहुतांशी एकच असते. ती व्यक्ती मजकूर वाचून वेळेवर परत देणारी असेल तर काम पुढे सरकते. नसेल तर हुशार विद्यार्थ्याचीही उमेदीची वर्षे हातची जातात. म्हणून मार्गदर्शकाची निवड ही प्रवेशानंतर उरकावयाची औपचारिकता नसून पूर्वतयारीचाच मुख्य भाग आहे, असे मानले पाहिजे.

पदवी कशासाठी ?

मार्गदर्शकाचा विचार करण्यापूर्वी विद्यार्थ्याने एक प्रश्न स्वतःला विचारावा : ही पदवी आपल्याला कशासाठी हवी आहे ? महाविद्यालयात नोकरी मिळावी एवढाच हेतू असेल, तर नियम नीट पाहून घेणे इष्ट. विद्यापीठ अनुदान आयोगाने १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदाच्या सरळ नियुक्तीसाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अर्हता ठेवली आणि त्या पदापुरती पीएच.डी. ऐच्छिक केली. तेव्हा केवळ पहिल्या नोकरीसाठी पाच-सहा वर्षे घालविण्यापूर्वी या दोन वाटांतील अंतर मोजून पाहिले पाहिजे.

याउलट, एखाद्या प्रश्नाचा छडा लावण्याची ओढ ज्याला आहे, आकडे, कागदपत्रे, प्रयोग किंवा माणसांच्या मुलाखती यांच्या सहवासात जो दीर्घकाळ रमू शकतो, त्याच्यासाठी ही पदवी योग्य होय. संशोधनाचे बहुतेक दिवस उत्सवाचे नसतात. आठवडाभर चाळलेल्या दप्तरातून कधी एकच उपयुक्त नोंद मिळते, तर कधी तीही मिळत नाही. अशा दिवसांतही ज्याचे मन कामावर राहते, त्याला योग्य मार्गदर्शक लाभला तर त्याचे श्रम वाया जात नाहीत.

पूर्वसूरींची उदाहरणे

महाराष्ट्रातील काही थोर अभ्यासकांच्या शिक्षणकाळाकडे पाहिले तर मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांच्या नात्याची निरनिराळी रूपे दिसून येतात.

डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये हे मूळचे मालवणचे. मुंबई विद्यापीठाच्या वतीने समाजशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले. प्रथम त्यांनी लंडनमध्ये प्रा. हॉबहाऊस यांच्याकडे कामास सुरुवात केली. परंतु आपल्याला ज्या प्रकारचा अभ्यास करावयाचा आहे त्याला ही जागा अनुरूप नाही, असे ध्यानात येताच ते केंब्रिज येथे डॉ. रिव्हर्स या मानववंशशास्त्रज्ञांकडे गेले. तेथे काम रंगात आले असता १९२२ साली रिव्हर्स यांचे आकस्मिक निधन झाले. घुर्ये यांनी पुढील काम प्रा. हॅडन यांच्याकडे पूर्ण करून पदवी मिळविली. १९२४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची धुरा त्यांच्याकडे आली आणि पुढे विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना त्यांनी स्वतः मार्गदर्शन केले. या हकीकतीतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. विषय व मार्गदर्शक यांचा मेळ बसत नसेल तर सुरुवातीलाच बदल करणे हा कमीपणा नव्हे. आणि मार्गदर्शक कितीही मोठा असला तरी ज्या विभागात त्या विषयाचे आणखी जाणकार आहेत, तेथेच विद्यार्थी सुरक्षित असतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे प्रा. सेलिग्मन यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. १९१६ मध्ये ते लंडनला गेले, परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसा साठविला आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांनी प्रथम फेरलेखनासाठी परत केला. त्यांनी तो सुधारून पुन्हा सादर केला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. ही पदवी संपादन केली. त्याच वर्षी तो ग्रंथरूपाने निघाला, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक प्रा. कॅनन यांनी त्यास प्रस्तावना लिहिली. ग्रंथातील काही प्रतिपादन आपल्याला मान्य नाही हे त्यांनी त्या प्रस्तावनेतच नोंदविले, आणि तरीही त्यातील ताज्या विचारांची वाखाणणी केली. चांगला मार्गदर्शक कसा असतो, याचे हे उत्तम उदाहरण होय. विद्यार्थ्याने आपलीच मते गिरवावीत अशी अपेक्षा तो धरीत नाही. त्याने आपली मते पुराव्यानिशी मांडावीत, एवढीच त्याची अपेक्षा असते. तसेच प्रबंध परत येणे म्हणजे अपयश नव्हे, हेही या प्रसंगावरून ध्यानात यावे.

डॉ. इरावती कर्वे यांनी मुंबईत घुर्ये यांच्याकडे एम.ए.चे काम केले आणि त्यानंतर त्या बर्लिन येथे ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेटसाठी गेल्या. मानवी कवट्यांच्या ठेवणीवरून वंशावंशांत श्रेष्ठ-कनिष्ठ असा भेद दाखविता येईल, अशी फिशर यांची धारणा होती. इरावतीबाईंनी कवट्यांची मोजमापे घेतली तेव्हा आकड्यांतून तसा भेद सिद्ध झाला नाही. मार्गदर्शकाला काय हवे आहे हे ठाऊक असूनही त्यांनी निष्कर्ष होता तसाच लिहिला आणि त्याच प्रबंधावर पदवी मिळविली. मार्गदर्शकाचा आदर आणि पुराव्याशी इमान यांत निवड करण्याची वेळ आलीच, तर संशोधकाने कोणती बाजू घ्यावी, याचे उत्तर यात आहे.

डॉ. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या भागवत, यांना १९३३ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ त्या स्त्री आहेत म्हणून प्रथम प्रवेश नाकारण्यात आला. त्यांनी आग्रह सोडला नाही. अटी स्वीकारून त्यांनी प्रवेश मिळविला आणि तेथे श्री. श्रीनिवासय्या यांच्यासारखा मनापासून शिकविणारा मार्गदर्शक त्यांना लाभला. पुढे केंब्रिजला त्यांचे पहिले मार्गदर्शक अन्यत्र गेले, तेव्हा रॉबिन हिल यांच्याकडे त्यांनी काम पुढे नेले आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळविली. वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम-सी या द्रव्यासंबंधीचा त्यांचा प्रबंध अवघ्या ४० पानांच्या आसपास होता. प्रबंधाची किंमत पानांच्या संख्येवर ठरत नाही, हे आजच्या जाडजूड प्रबंधांच्या काळात सांगणे आवश्यक वाटते.

नियम काय सांगतात ?

या थोर व्यक्तींना परदेशी जावे लागले. आज तीच संधी जिल्ह्याजवळच्या विद्यापीठात आणि त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांच्या संशोधन केंद्रांत उपलब्ध आहे. तिचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी राजपत्रात प्रसिद्ध केले. प्रत्येक विद्यापीठाची तपशिलाची नियमावली वेगळी असली, तरी मूळ चौकट या नियमांचीच आहे.

पदवीचा किमान कालावधी अभ्यासक्रम-कार्य, म्हणजे कोर्सवर्क, धरून ३ वर्षे आणि कमाल ६ वर्षे आहे. पुनर्नोंदणीने आणखी २ वर्षे मिळू शकतात. स्त्रिया तसेच ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेले विद्यार्थी यांना त्यापुढेही २ वर्षांची सवलत आहे. प्रसूती व बालसंगोपन यांसाठी स्त्री-संशोधकांना एकूण २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. विवाहामुळे किंवा अन्य कारणाने स्त्री-संशोधकाला गाव बदलावे लागले, तर काही अटींवर संशोधनाची सामग्री दुसऱ्या संस्थेत नेण्याची मुभा आहे. या तरतुदींची माहिती नसल्याने अनेक मुलींचे काम विवाहानंतर थांबते, ही खेदाची बाब आहे.

मार्गदर्शकासंबंधीचे नियमही समजून घेतले पाहिजेत. एका वेळी प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. सेवानिवृत्तीस ३ वर्षांहून कमी काळ उरलेल्या अध्यापकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. आधी नोंदलेल्या विद्यार्थ्यांसाठी तो निवृत्तीनंतर वयाच्या ७० वर्षांपर्यंत सह-मार्गदर्शक राहू शकतो. शिवाय प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संशोधन सल्लागार समिती असते आणि तिच्यासमोर दर सत्रात प्रगतीचा अहवाल मांडावा लागतो. या समितीकडे अनेक जण केवळ सहीपुरते पाहतात. वस्तुतः मार्गदर्शकाखेरीज आणखी जाणकारांचे मत मिळविण्याची ती हक्काची जागा आहे.

प्रवेशासाठी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा अथवा नेटमधील गुण यांचा आधार घेतला जातो. २०२४ पासून नेटच्या निकालात केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र अशीही एक श्रेणी आहे. मुलाखतीच्या वेळी विद्यार्थी आपला संशोधनविषय सांगतो. तो विषय, अध्यापकाचे विशेष प्रावीण्य आणि त्याच्याकडील रिक्त जागा पाहून विभाग मार्गदर्शक ठरवितो. म्हणजे निवड पूर्णपणे विद्यार्थ्याच्या हाती नसते. परंतु जो विद्यार्थी मुलाखतीपूर्वीच चौकशी करून, संबंधित अध्यापकाला भेटून आणि विषयाचे एक पान लिहून येतो, त्याच्या म्हणण्याला वजन प्राप्त होते. जो काहीच ठरवून येत नाही, त्याच्या वाट्याला जेथे जागा रिकामी असेल ते येते.

चौकशी कशी करावी ?

आपल्याकडे लग्न जुळविताना किंवा जमीन घेताना चार ठिकाणी चौकशी करण्याची रीत आहे. सात-बाराचा उतारा पाहिल्यावाचून कोणी विसार देत नाही. आयुष्यातील महत्त्वाची पाच वर्षे ज्याच्या स्वाधीन करावयाची, त्या मार्गदर्शकाविषयी मात्र विचारपूस करणे अनेकांना उद्धटपणाचे वाटते. हा संकोच सोडला पाहिजे. नम्रपणे केलेली विचारपूस कोणत्याही चांगल्या अध्यापकाला खटकत नाही.

पहिली पायरी कागदावरची आहे. मार्गदर्शकांची नावे, त्यांच्याकडील विद्यार्थी, त्यांचे विषय व प्रवेशाची तारीख ही माहिती संस्थेने आपल्या संकेतस्थळावर ठेवावी, असा नियम आहे. त्यावरून कोणाकडे किती विद्यार्थी आहेत आणि कोण किती वर्षे अडकून पडला आहे, हे ताडता येते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालविलेल्या 'शोधगंगा' या भांडारात देशभरातील विद्यापीठांचे लाखो प्रबंध विनामूल्य वाचता येतात. ज्या अध्यापकाकडे काम करावयाचे त्याच्या हाताखाली झालेले दोन-तीन प्रबंध तेथे काढून वाचावेत. प्रश्न नेमका आहे काय, पुरावा मूळचा आहे काय, की एकाच साच्यात गावाचे नाव बदलून प्रबंध तयार झाले आहेत, हे सामान्य वाचकालाही कळते.

दुसरी पायरी माणसांची आहे. त्या अध्यापकाकडे सध्या काम करणारे, पदवी घेऊन गेलेले आणि शक्य झाल्यास काम सोडून गेलेले अशा तिघांशी तरी बोलावे. "सर कसे आहेत ?" असा मोघम प्रश्न विचारू नये, कारण त्याला "चांगले आहेत" हेच उत्तर मिळते. प्रकरण लिहून दिले तर किती दिवसांत वाचून परत मिळते ? शेरे कशावर असतात, शुद्धलेखनावर की युक्तिवादावर ? भेट ठरलेल्या दिवशी होते काय ? लेख प्रसिद्ध होतो तेव्हा त्यावर नाव कोणाचे आधी असते ? खाजगी कामे सांगितली जातात काय ? मागील विद्यार्थ्यांना पदवीस किती वर्षे लागली ? या नेमक्या प्रश्नांची उत्तरे ऐकली की चित्र स्पष्ट होते. प्रश्न विचारताच समोरचा विद्यार्थी गप्प झाला, तर त्या मौनाचीही नोंद घ्यावी.

तिसरी पायरी प्रत्यक्ष भेटीची आहे. एक पानाचे टिपण आधी पाठवून मग भेट मागावी. भेटीत अध्यापक विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून घेतो की स्वतःचाच विषय पुढे करतो, त्याला ठाऊक नसलेली गोष्ट "ठाऊक नाही" असे म्हणतो काय, वाचावयास काही सुचवितो काय, याकडे लक्ष द्यावे. निवृत्तीस चार-पाच वर्षे उरली असतील, तर पुढे सह-मार्गदर्शक कोण असेल, हे तेव्हाच विचारावे.

नामवंत मार्गदर्शक घ्यावा की तरुण, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. नामवंताच्या नावाला वजन असते, परंतु समित्या व प्रवास यांमुळे त्याला वेळ कमी असतो. तरुण अध्यापकाकडे विद्यार्थी मोजके असल्याने तो प्रत्येक पान वाचू शकतो, पण त्याचा अनुभव थोडा असतो. तेव्हा नाव किंवा वय न पाहता तो वेळ देतो काय, त्याला विषय येतो काय आणि त्याचा शब्द पाळला जातो काय, एवढेच पाहावे. आपल्याच जातीचा, गावचा किंवा ओळखीचा मार्गदर्शक बरा, असा सल्ला घरातून मिळतो. ओळख प्रवेशाच्या दारापर्यंत पोहोचविते. प्रबंधाचे प्रकरण ओळखीने लिहून होत नाही.

विषय, पैसा आणि वेळ

मार्गदर्शकाच्या भेटीला जाण्यापूर्वी विषयाची काही तयारी हवी. नवशिक्या विद्यार्थ्याचा विषय फार मोठा असतो. "महाराष्ट्रातील ग्रामीण शिक्षण" हा विषय एका माणसाच्या आवाक्यातला नाही. त्याऐवजी बीड जिल्ह्यातील एखाद्या शिक्षकाने असा प्रश्न घेतला की, आईवडील ऊसतोडीला गेल्यावर हंगामी वसतिगृहाच्या सोयीने गावीच राहिलेल्या मुलांची शाळेतील उपस्थिती आणि त्यांचे वाचन यांत, बरोबर गेलेल्या मुलांच्या तुलनेत, काय फरक पडतो, तर त्याला उत्तर शोधता येईल. दोन तालुके, काही शाळांचे हजेरीपट, पालकांच्या मुलाखती आणि दोन हंगाम एवढ्या मर्यादेत तो प्रश्न बसतो. शिवाय त्याचे उत्तर त्या शाळांनाच उपयोगी पडणारे आहे.

प्रवेशापूर्वीच्या सहा महिन्यांत विषयावरील वीस-पंचवीस महत्त्वाचे लेख व ग्रंथ वाचून प्रत्येकावर अर्धे पान टिपण करावे. सामाजिक शास्त्राच्या विद्यार्थ्याने संख्याशास्त्राची प्राथमिक ओळख करून घ्यावी. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मोडी शिकावी. पेशवे दप्तरातील असंख्य कागद आजही मोडी वाचणाऱ्याची वाट पाहत आहेत. इंग्रजीतील शास्त्रीय लेख वाचण्याचा सराव सर्वांनाच हवा. दुसऱ्याचे वाक्य घेतल्यास त्याचा निर्देश करण्याची सवय पहिल्या टिपणापासून लावावी. वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या नियमांनुसार साम्य १० टक्क्यांपेक्षा अधिक आढळल्यास प्रबंध दुरुस्तीसाठी परत येतो आणि ते ६० टक्क्यांहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द होते.

पैशाचा हिशेबही आधी मांडावा. नेटमध्ये कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळविणाऱ्यांना १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये असा दर लागू झाला. राज्यात पुण्याच्या बार्टी व सारथी आणि नागपूरच्या महाज्योती या संस्थांनी आपापल्या लक्ष्यगटांतील संशोधकांसाठी अधिछात्रवृत्तीच्या योजना राबविल्या आहेत. त्यांच्या जाहिराती व अटी वेळच्या वेळी पाहाव्यात. मात्र अधिछात्रवृत्तीची रक्कम उशिरा हाती पडू शकते, हे गृहीत धरून काही महिन्यांच्या खर्चाची सोय आधीच करून ठेवणे शहाणपणाचे ठरते. घरच्यांना अपेक्षित कालावधी स्पष्ट सांगावा. "दोन वर्षांत होईल" असे सांगून सुरुवात केली की तिसऱ्या वर्षापासून घरातील प्रत्येक दिवस कठीण जातो.

मतभेद झाल्यास

सर्व काळजी घेऊनही मतभेद होतात. ते साध्या मार्गांनी कमी करता येतात. प्रत्येक भेटीनंतर काय ठरले, याचे चार ओळींचे टिपण मार्गदर्शकाला पाठवावे. त्यामुळे विसर व गैरसमज दोन्ही टळतात. अडचण वाढली तर ती संशोधन सल्लागार समितीपुढे आणि विभागप्रमुखांपुढे मांडावी. मार्गदर्शक बदलावयाचाच असेल, तर तो पहिल्या वर्षी बदलणे सोपे असते. चौथ्या वर्षी त्याची किंमत मोठी असते. पैशाची मागणी, घरकामाची सक्ती किंवा जातीवरून अवमान यांचा मतभेदात समावेश होत नाही. ते गैरवर्तन होय. २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती व तिच्या निर्णयावर दाद मागण्यासाठी लोकपाल यांची व्यवस्था आहे. स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. गप्प राहिल्याने पदवी लवकर मिळते, हा समज निराधार आहे.

गावाची आणि कार्यालयाची जबाबदारी

या कामात शिक्षक, अधिकारी आणि पंचायतींचे सदस्य यांचाही वाटा आहे.

शिक्षकांनी आपल्या माजी विद्यार्थ्याला "पीएच.डी. कर" एवढाच आशीर्वाद देऊन थांबू नये. त्याचे एक पानाचे टिपण वाचावे आणि त्या विद्यापीठातील एखाद्या माजी विद्यार्थ्याशी त्याची गाठ घालून द्यावी. शहरातील सुशिक्षित घराला जी माहिती बसल्या जागी मिळते, ती खेड्यातील मुलाला मिळवून देणारा बहुधा शिक्षकच असतो.

कार्यालयप्रमुखांच्या हातीही बरेच आहे. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करण्याची तरतूद आहे. त्यासाठी लागणाऱ्या ना-हरकत प्रमाणपत्रात तीन गोष्टी नमूद कराव्या लागतात : कर्मचाऱ्यास अर्धवेळ संशोधनाची परवानगी आहे, त्याच्या कामाच्या स्वरूपामुळे त्याला संशोधनास पुरेसा वेळ मिळू शकतो, आणि आवश्यकता भासल्यास अभ्यासक्रम-कार्यासाठी त्याला कामातून मोकळे केले जाईल. हे प्रमाणपत्र म्हणजे लेखी वचन आहे. ते देऊन पुढे कोर्सवर्कच्या काळात रजा नाकारणे म्हणजे आपल्याच सहीचा मान न राखणे होय. देता येत नसेल तर तसे आधीच सांगावे; पण अर्ज महिनोन्महिने टेबलावर ठेवू नये, कारण प्रवेशाची तारीख फाईलसाठी थांबत नाही.

ग्रामपंचायतीकडे ग्रामसभेची इतिवृत्ते, कर आकारणीच्या नोंदी, पाणीपुरवठ्याचे हिशेब अशी संशोधनाची मोलाची सामग्री असते. संशोधक विद्यापीठाचे पत्र घेऊन आला तर व्यक्तींच्या खाजगी माहितीचे रक्षण करून नियमात बसणाऱ्या नोंदी त्याला दाखवाव्यात. त्याबरोबर एक अटही घालावी : काम पूर्ण झाल्यावर निष्कर्षांचा चार पानांचा मराठी सारांश त्याने ग्रामसभेपुढे वाचावा. ज्या गावाने माहिती दिली, त्या गावाला उत्तर कळले पाहिजे. चांगला मार्गदर्शक ही अट आनंदाने मान्य करील. किंबहुना, विद्यार्थ्याने अशी अट सांगताच मार्गदर्शक काय म्हणतो, हीदेखील त्याच्या पारखीची एक खूण समजावी.

दरवर्षी प्रवेशाच्या जाहिराती निघतात आणि अर्जाची मुदत थोडी असते. चौकशी मात्र त्याआधी सहा महिने सुरू करता येते. दोन प्रबंध वाचणे, तीन माणसांशी बोलणे, एक पान लिहिणे आणि एकदा प्रत्यक्ष भेटणे, यांस एसटीचा खर्च आणि काही रविवार लागतात. तेवढ्या खर्चाने एखाद्या तरुणाची किंवा तरुणीची पाच वर्षे मार्गी लागत असतील, तर तो खर्च करण्यास त्यांना प्रवृत्त करणे हे घराचे, शाळेचे आणि गावाचे कर्तव्य होय.